पोटोमॅककाठचे शनिवार-रविवार

माझ्या पायाला भिंगरी आहे असं नवरा म्हणतो. त्या उन्हाळ्यात तिला निमित्तही मिळालं. बाबा गेल्यानंतर आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आली होती, सहा महिन्यांसाठी. तिने आता कायमचं इथेच राहावं असं मला वाटत होतं, पण सरळ विचारायची छाती होत नव्हती. आधी तिला इथे करमू दे, मग विचारू, असं मी ठरवलं. आणि करमायचं तर सगळं बघायला नको का?

मी एक्सेलमध्ये यादीच केली. पोटोमॅक नदीचा धबधबा, जुनी पाणचक्की, काठावरून खेचरं ओढतात ती कालव्यातली नाव, गुहा, द्राक्षांचे मळे. एका सुट्टीला दोन ठिकाणं, जमलं तर तीन. आठवडाभर आम्ही दोघं ऑफिसात आणि ती घरात एकटी, याची भरपाई मी अशी करत होते. ती ओट्याशी आली की मी तिला सोफ्यावर नेऊन बसवायची. जन्मभर राबलीस, आता आराम कर म्हणायची. फ्रोझन पोळ्या तिच्या घशाखाली उतरत नव्हत्या, तरी मी हट्टाने त्याच गरम करायची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघीच धबधब्यावर गेलो. आई बूट काढून नदीकडे तोंड करून बाकावर बसली. मी तिचे फोटो काढले, घड्याळ बघितलं आणि पाणचक्की चारला बंद होते म्हणून तिला उठवलं. तिने मुकाट्याने बूट चढवले. पार्किंगमध्ये डिकी उघडून उभ्या उभ्याच दहीभात खाल्ला आणि निघालो.

गाडीत मला राहवेना. हायवेला लागल्यावर विचारूनच टाकलं, की आई, इथेच राहतेस का? ग्रीन कार्डचे पेपर्स करू.

ती म्हणाली, तिकीट आहे त्याच तारखेचं असू दे.

माझा पाराच चढला. इतकं केलं, एक सुट्टी घरात बसले नाही, आणि हे फळ? काय कमी पडलं ते तरी सांग, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"काहीच कमी नाही केलं तू," ती म्हणाली. "पण पाहुणी म्हणून किती दिवस राहू मी?"

मी पाणचक्कीचं वळण घेतलं. आम्ही तीही बघितली.

ठरल्या तारखेला तिला सोडायला विमानतळावर गेलो. सिक्युरिटीच्या रांगेत शिरण्याआधी तिने माझा हात हातात घेतला आणि खूप फिरवलंस म्हणून माझ्या आईने माझे आभार मानले.