सोवनींचे दोन्ही कान

सदर इसम नामे निशिकांत मनोहर सोवनी, वय त्रेपन्न, राहणार आंग मो किओ, आठवा मजला, सिंगापूरचे कायम रहिवासी, जुरोंग आयलंडवरील एका रासायनिक कारखान्यात वरिष्ठ अभियंता. उंची मध्यम, रक्तदाब मध्यम, वर्तणूक समाधानकारक. दृष्टी चष्म्यासह ठीक. उजवा कान: सामान्य. डावा कान: सामान्य. सबब इसम गोंगाटाच्या विभागात काम करण्यास पात्र आहे.

सोवनी पेडल स्टील गिटार वाजवतात याचा यात उल्लेख नाही, कारण फॉर्मवर तसा रकाना नाही.

पुण्यात कॉलेजात असताना ते मांडीवर आडवी घेऊन हवाईयन गिटार वाजवायचे. सिंगापुरात आल्यावर कळलं की तिला एक थोरली बहीण आहे. ती टेबलासारखी पायांवर उभी असते; वर दहा तारा, खाली तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायच्या चार दांड्या. डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवर सरकवायची. पडदे नाहीत, नुसत्या रंगवलेल्या रेघा. सूर कुठे आहे हे शेवटी कानच सांगतो. त्यांच्या पत्नी संजीवनीवहिनी तिला इस्त्रीचं टेबल म्हणतात. एकदा त्यांनी खरोखरच तिच्यावर साडी पसरली होती.

घराजवळच्या कम्युनिटी क्लबात दर शनिवारी दुपारी साठीपुढच्या बायका काउबॉय हॅट घालून रांगेत नाचतात. त्यांच्यासाठी वाजवणाऱ्या बँडमध्ये सोवनी बारा वर्षं आहेत. गायिका डॉरीन टॅन, निवृत्त शिक्षिका. हातातली छडी गेली, नजर राहिली.

जुनं अमेरिकन कंट्री गाणं म्हणजे आपल्याकडची संगत. गायिका ओळ म्हणते आणि थांबते. त्या मोकळ्या जागेत स्टील तिचंच दुःख जरा जास्त हुंदके देऊन सांगतं. ओळ संपायच्या आत घुसलात तर उद्धटपणा, उशीर केलात तर जागा गेली. नव्या गाण्यांत ही जागाच नसते. ठोका लॅपटॉपमधून येतो, पुढे गिटारांची भिंत, आणि तिच्यामागे स्टीलने एकच लांबलचक सूर धरून बसायचं. वरणातल्या हिंगासारखं, असावं, दिसू नये. सोवनी याला ‘फर्निचर होणं’ म्हणत.

म्हणून जानेवारीत जेव्हा ते स्वतःहून म्हणाले, “डॉरीन, आता नवी गाणी घेऊ या. तीही बरी असतात,” तेव्हा डॉरीनने माइक खाली ठेवला.

“निशि, तुला बरं नाही का?”

“काळाबरोबर जायला नको?”

“काळाचं सोड, लाऽ!” ती सिंगापुरी हेल काढून म्हणाली. “तीन शनिवार तू माझ्या शेवटच्या शब्दावर चढतोयस. आधी तू ऐकायचास. आता नवऱ्यासारखा वाजवतोस.”

खरं होतं. इंग्रजी ओळीच्या शेवटी पुष्कळदा बारीक ‘स’ असतो. तो सोवनींपर्यंत पोचत नव्हता. त्यांच्या लेखी ओळ संपलेली असे. डॉरीनची अजून चालू असे. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं बटण ते दर आठवड्याला थोडं आणखी पिळत, आणि पहिल्या रांगेतल्या बायका एक पाऊल मागे सरकत. मागच्या रांगेला वाटे, नाचातलंच पाऊल आहे.

“वय झालं,” सोवनी म्हणाले.

“वय माझं झालंय. तू कान दाखव.”

वीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काढलेल्या कानांचं काय झालं असेल, हे सोवनींना कुणी सांगायला नको होतं. कान दाखवला की कागद होतो, कागद कारखान्यात जातो, आणि माणूस शहरात पाया लेबार भागातल्या ऑफिसात खुर्चीवर जातो. खुर्चीची त्यांना भीती नव्हती. डॉक्टरने एकदा तोंडाने ‘हो, कान गेलेत’ म्हटलं की शनिवार संपला, याची होती.

पण कारखान्याची वार्षिक तपासणी काही चुकत नाही. फेब्रुवारीत त्यांना हेडफोन लावून बंद पेटीत बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. जाड शिट्ट्या आल्या. मग शांतता. मात्र तपासणाऱ्या बाईंचा हात एका ठरावीक लयीत चालत होता, आणि जाड शिट्ट्यांवरून ती लय सोवनींच्या अंगात भिनली होती. त्यांनी डोळे मिटले आणि पुढची सगळी शांतता बरोबर जागेवर वाजवली.

बाई म्हणाल्या, “अंकल, असे कान या महिन्यात पहिलेच.”

मार्चमध्ये ते ज्युनिअर इंजिनिअर अंकुरबरोबर पाइपांच्या रांगेतून चालले होते. अंकुर थांबला.

“सर, ऐकलंत?”

“हं.”

“कुठून येतंय?”

सोवनींनी डावीकडे बोट केलं. गळती उजवीकडे होती, चार पावलांवर.

अंकुर हसला. “सर, माझी परीक्षा घेताय ना?”

“पास झालास,” सोवनी म्हणाले.

निघाली नुसती वाफ. त्या रांगेत वाफेचा पाइप एकच आहे. बाकीच्या अकरांत काय असतं, याची तिथे कुणी चर्चा करत नाही.

एप्रिलमध्ये कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला. पुन्हा सुरू करताना एक पथक पाइपांजवळून कान देऊन फिरतं. मीटर असतात, पण मीटरच्या आधी माणूस. पथकाचा प्रमुख नेमण्यासाठी सगळ्यांचे वैद्यकीय कागद काढले गेले. सर्वांत चांगले कान सोवनींचे निघाले. फेरी सोमवारी सकाळी सातला ठरली. सोवनींनी नेमणुकीवर सही केली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

संजीवनीवहिनी तीन आठवडे पुण्याला आईकडे होत्या. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी परतल्या. दारात चपला काढता काढता थबकल्या. सोवनी स्टीलसमोर बसून एक नवं गाणं, म्हणजे एक लांब सूर, वाजवत होते.

“अहो, हे कधीपासून चाललंय?”

“अर्धा तास. नवं आहे.”

“गाणं नाही हो. थांबा जरा.”

ते थांबले. वहिनींनी छताकडे बोट केलं. “हे.”

“काय?”

वहिनींनी बॅग खाली ठेवली.

“उद्या कुठे असणार तुम्ही?”

“फेरीवर.”

धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की तो मिनिटाला एकदा चिरकतो. सोवनींच्या घरातला अलार्म त्यांच्या स्टुलाच्या बरोबर वर आहे. शेजारणीने त्याच्या तक्रारीच्या चिठ्ठ्या दाराखालून सरकवल्या, त्या पायपुसण्याखाली न वाचताच पडून आहेत; पहिलीवर सतरा दिवसांपूर्वीची तारीख आहे.