सतराव्या पानावरचं ‘क्लिअरली’

पहिल्यांदा खटकला तो एक शब्द. ‘क्लिअरली’. सरांच्या आणि मंदारदादाच्या पेपरात, सतराव्या पानावर, वरून चौथ्या ओळीत. वाचून मी दचकले. तशी मी कशालाही दचकते, पण हा शब्द आमच्यात कोणी लिहायचंच नाही. सर म्हणायचे, “उघड आहे? मग दाखव. दाखवता येत नसेल, तर उघड कोणाला आहे?”

आमच्या ग्रुपचे किस्से भरपूर. ग्रुप म्हणजे तरी किती? सर, त्यांच्याकडे पीएचडी करणारे आम्ही दोघं, मंदारदादा आणि मी, आणि घरी गेलं की काकू. इतक्या कमी माणसांत किस्से साचतात, कारण ते सांगायचे कोणाला? बाहेरच्याला सांगायचं तर आधी सिम्प्लेक्टिक भूमिती सांगा, तोवर त्याचा चहा संपलेला असतो. सर गेले त्याला आता वर्ष होईल. हल्ली मी एकटीच आठवत बसते, आणि कुठलाही किस्सा काढला तरी त्या सतराव्या पानाशी येऊन थांबते.

*

विषय सगळ्यात लवकर कळला तो कॅन्टीनच्या मावशींना. एकदा त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही तिघं फळ्यावर वेटोळी काढता, ते काय असतं?”

सरांनी कप बाजूला सरकवला. “मावशी, एक जागा आहे. तिच्यात लग्रांजियन नावाचे पृष्ठभाग राहतात. मोजता येणार नाहीत इतके. ते सगळे आणि त्यांचे आपसातले संबंध, असा जो संसार होतो त्याला फुकाया कॅटेगरी म्हणतात. आमचं म्हणणं, त्यातले पाचच घ्या. त्यांना जोडून, त्यांचे तुकडे पाडून बाकीचे सगळे तयार होतात.”

“पाचांत भागतं?”

“भागतं, हेच तर सिद्ध करायचंय.”

मावशींनी कप उचलला. “भागतंय तर मग बाकीचे ठेवलेत कशाला?”

मंगळवारी सेमिनारला सर उभे राहिले आणि म्हणाले, “कॅन्टीनमधून एक शंका आली आहे. ती आधी घेऊ.”

*

माझं टेबल सरांच्याच खोलीत होतं. दार उघडलं की मी दचकायचे. एकदा अशीच दचकले आणि अख्खा चहा सरांच्या हस्तलिखितावर. दुसऱ्या दिवसापासून सर स्वतःच्या खोलीवर टकटक करून आत यायला लागले.

शेजारच्या प्राध्यापकांनी हटकलंच. “अहो, स्वतःच्याच खोलीत परवानगी घेऊन?”

“आत कोणीतरी विचार करतंय,” सर म्हणाले. “या मजल्यावर तसं क्वचित घडतं.”

*

सरांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या सिद्धतेत चूक सापडली, तर मेसेज नाही, मेल नाही. फोन करायचा. ज्याला फोन येईल त्याने हातातलं काम सोडायचं आणि एवढंच विचारायचं, “सांग, कुठे तुटलं?” मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “चूक वाचून कळली की माणूस एकटा पडतो. ऐकून कळली की निदान दोघं असतात.”

मला फोनची भीती वाटते. सरांच्या एका लेमामध्ये, म्हणजे सिद्धतेतल्या एका छोट्या पायरीत, पहिल्यांदा चूक दिसली तेव्हा नंबर लावायलाच मला तास लागला. सर बसमध्ये होते. “थांब,” ते म्हणाले, “बसमधून उतरतो.” आणि उतरले की खरंच. स्वारगेटला, त्या गोंगाटात, एका कानात बोट घालून उभे. “हं. सांग, कुठे तुटलं?”

मी वीस मिनिटं सांगत होते. सांगता सांगता लक्षात आलं, चिन्ह मीच उलटं घेतलंय. चूक माझी. मला रडू फुटलं.

“रडतेस कशाला? चूक सापडली ना? कोणाची, हा दुय्यम प्रश्न.” मग जरा थांबून, “आता पुढच्या बसला हात केला तर चालेल?”

*

मंदारदादा खडकीचा. सहा वर्षं सरांबरोबर याच एका प्रश्नावर होता. पाच लग्रांजियन पुरतात का, याची एक कसोटी आहे. त्या पाचांपासून निघणारा एक मॅप, म्हणजे इथून तिथे नेणारा एक नियम, ‘एका’पर्यंत पोचला पाहिजे. एक म्हणजे खरोखर गुणाकारातला एक. आमची कॅटेगरी चार तुकड्यांत पडत होती, आणि प्रत्येक तुकड्यात हे वेगळं दाखवायचं होतं.

एका मंगळवारी सेमिनारला त्याने फळ्यावर एकेक तुकडा घेतला. चौथ्यात उत्तर शून्य येत नाही, एवढं निघालं. “शून्य नाही, म्हणजे एकापर्यंत पोचलं,” तो म्हणाला, आणि खडू खाली ठेवला.

सरांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे “चालेल”. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, “झालं.”

मंदारदादा कूलरवर गेला तो दहा मिनिटांनी परत आला, चेहरा पूर्ण ओला.

“पाणी फार गार आहे,” तो म्हणाला.

*

सर गेल्यावर आम्ही दोघं काकूंना भेटायला गेलो. काकूंनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. चहा देता देता त्या सरांच्या शेवटच्या दिवसांतल्या, हॉस्पिटलच्या गोष्टी सांगत होत्या.

“छपाईआधीची पानं आली होती ना, तेव्हा यांना चष्माही सोसवत नव्हता. मग मीच वाचून दाखवायचे. मला काय कळतंय त्यातलं? पण ‘क्लिअरली’ कळतं. म्हटलं, अहो, हा शब्द तुम्हाला चालत नाही ना? तर म्हणतात कसे, ‘मंदारने लिहिलंय ना? मग असेल उघड.’”

काकू हसल्या. मीही हसले. मंदारदादाने कप खाली ठेवला, “येतो, काकू” म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. चहा तसाच.

महिन्याभरात त्याने खराडीला आयटीत नोकरी धरली. मला कळवलं ते मेसेजने.

*

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या सतराव्या पानावर उभं आहे. पुढच्या महिन्यात सबमिशन. म्हणून तो चौथा तुकडा मी स्वतः करून पाहिला. ‘क्लिअरली’च्या पुढे लिहिलंय ते ‘शून्य नाही म्हणजे एक’ तुकडा एकाच मितीचा असेल तरच खरं. चौथा दोन मितींचा निघतो. तिथे उत्तर शून्य नसलं तरी एकापर्यंत पोचेलच असं नाही. तीनदा केलं. चिन्हं उलटी घेतली नाहीत ना, तेही पाहिलं.

म्हणजे पाच पुरतात की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही.

पेपर छापून आलाय. तपासणाऱ्यांनाही काही खटकलं नाही. गप्प बसले तर माझी डिग्री होते आणि सरांचा शेवटचा पेपर टिकतो. काकूंनी त्याचं पहिलं पान सरांच्या फोटोशेजारी काचेखाली लावलंय. बोलले तर दोन्ही जातं.

मंदारदादाला मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. नियम तो नियम. गेल्या सोमवारपासून फोन करतेय. रिंग वाजते, वाजत राहते, बंद होते.

आज संध्याकाळी सेमिनारहून सरांच्या खोलीकडे आले. दारावर अजून त्यांचीच पाटी आहे. मी टकटक केली, जरा थांबले, मग आत गेले. माझ्या टेबलाशी बसून सतरावं पान समोर ठेवलं आणि नंबर लावला.

सहाव्या रिंगला फोन उचलला गेला. मागे इंजिनची घरघर, कोणाचा तरी हॉर्न.

“दादा, मी...”

“सतरावं पान ना?” मंदारदादा म्हणाला.

मी सतरावं पान जवळ ओढलं.

“थांब,” तो म्हणाला. “बसमधून उतरतो.”