कॅनडाचा फाउंडर आणि माझ्या जॅकेटवरची वही

नाही, थांबा, तुमचं ऐकून झालं माझं. "एवढ्या मोठ्या माणसाला तुझ्या जिजूच्या गाडीत बसून काय मिळणार होतं?" हेच ना? अहो, मी तरी दुसरं काय विचारत होते! तुम्ही मागच्या पोस्टवर कमेंट टाकून झोपायला गेलात. मी ऑकलंड ते वेलिंग्टन साडेसहाशे किलोमीटर त्याच्या मानेकडे बघत मागच्या सीटवर बसले. त्यामुळे "कॅनडाची माणसं साधी असतात गं" हे मला शिकवू नका. साध्या माणसाची देशभर गोदामाएवढाली दुकानं कशी होतात, ते आधी सांगा.

नाव लिहिणार नाही. जिजू त्याला 'फाउंडर' म्हणतो, आपणही तेच म्हणू.

आता नव्याने आलेल्यांसाठी. मी मुक्ता, पुण्याची, नुकतीच तीन आठवडे ताईकडे राहून आले, ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशला. तिथे सगळी घरं एकाच दिवशी जन्मल्यासारखी दिसतात आणि दुधाला जायचं तरी गाडी काढावी लागते. मंदारजिजू पेनरोजला एका डेपोत स्टॉक प्लॅनर आहे. नोकरी चांगली, मॅनेजर चांगला, घराचा हप्ता वेळेवर. पण गाडीत बसलं की कॅनडातल्या बिझनेस लीडर्सचे पॉडकास्ट चालू. कोणी आईच्या किचनमधून सुरुवात केली, कोणी बर्फ उपसायच्या मशीनवर. अमेरिकेतले का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "अमेरिकन ओरडून जिंकतो. कॅनेडियन सॉरी म्हणून जिंकतो. आपल्याला ते जमेल."

या सगळ्यांत वरचा देव म्हणजे फाउंडर. त्याचं पुस्तक गाडीच्या दाराच्या कप्प्यात असतं आणि त्यातल्या एका वाक्याखाली जिजूने तीनदा रेघ मारलीय: चाळीस वर्षांत मी कोणालाही 'नाही' म्हटलं नाही.

तर फाउंडर ऑकलंडला एका कॉन्फरन्सला आला. जिजूने जाऊन कार्ड दिलं. बोलताबोलता फाउंडर म्हणाला, पुढचं भाषण वेलिंग्टनला आहे, विमानाने जाणार, खरं तर देश रस्त्याने बघायला आवडला असता. झालं! जिजूने मेल टाकला, मी नेतो. नको नको, तुम्हाला कशाला त्रास. जिजू: त्रास कसला. खरंच नको. जिजू: अहो, माझंही तिकडे काम आहे. (नव्हतं.) तिसरं नको आलं, जिजूने चौथा मेल टाकला आणि फाउंडर हो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी ताईने मला किचनमध्ये गाठलं. डबा भरत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"तू जा त्यांच्याबरोबर. मंदार सोमवारी राजीनामा टाकतोय. मेल लिहून ठेवलाय, मी वाचलाय."

"कशासाठी?"

"तो माणूस न्यूझीलंडमध्ये दुकानं काढणार आणि मंदार ती चालवणार म्हणे. मला एवढंच बघून सांग, त्याने खरंच शब्द दिलाय का. तू जन्माची संशयी आहेस, कधीतरी उपयोग होऊ दे."

ताईची सात वर्षांची ईरा टेबलाखालून म्हणाली, "इज ही फेमस-फेमस, ऑर जस्ट डॅडी-फेमस?"

गुरुवारी सकाळी त्याला हॉटेलवरून उचललं. सत्तरीचा, बारीक, मेरिनोचा स्वेटर. बूट जुने, लेस कोऱ्या. कोण बदलतं हो नुसत्या लेस? गाडीचं दार जरा जोरात लागलं तर दाराला सॉरी म्हणाला. जिजू माझ्याकडे वळून असा हसला की बघ, सांगितलं नव्हतं! फाउंडर पुढे बसला. हातात छोटी हिरवी वही.

रस्त्याचं म्हणाल तर हॅमिल्टनपर्यंत नि पुढेही मस्त एक्सप्रेसवे आहे, टोल नाही. फक्त सकाळी सातच्या आत ऑकलंड सोडा, नाहीतर मोटरवेवरच डबा उघडावा लागेल. एका बाजूचं पेट्रोल आमचं दीडशे डॉलरच्या आत बसलं. तिराऊला थांबाच. पन्हाळी पत्र्याचा भलामोठा कुत्रा आहे, म्हणजे अख्खी इमारतच कुत्र्याच्या आकाराची, आणि समोर पाय मिळतात, म्हणजे सारण भरून भाजलेले इंग्रजी 'पाय'. मिन्स-चीज, म्हणजे खिमा-चीजवाला घ्या. खाताना वाफेने जीभ भाजते, तरी घ्या.

तोवर फाउंडरने जिजूला बोलतं केलं होतं. डेपोत माल कसा लावता? जिजू खुलला. सगळे डेपो एका जातीचा माल एकत्र लावतात. जिजूने बिलं बघून बघून ठरवलं की जो माल एकत्र बाहेर पडतो, तो शेजारी ठेवायचा. रंगाशेजारी ब्रश नाही, रंगाशेजारी हातमोजे आणि चहा. माणसांची चाल वाचते. फाउंडर वहीत लिहीत होता. चित्र काढत होता!

मी मागून मराठीत म्हटलं, "जिजू, सगळं सांगू नका."

"अगं, गोदामांचा राजा आहे तो. माझं काय चोरणार?"

"राजे दुसरं काय करतात?"

फाउंडर मागे वळून गोड हसला. मी पण हसले, अर्थातच खोटं.

कुत्र्यासमोर उभं राहून जिजूने शेवटी विचारलंच. न्यूझीलंड. दुकानं. मी तयार आहे, नोकरी सोडून. फाउंडरने पायचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "वी आर नॉट रिअली लुकिंग अ‍ॅट न्यूझीलंड राइट नाउ. बट आय लव्ह हाउ यू थिंक, मंदार."

तो टॉयलेटला गेल्यावर जिजूने माझा दंडच धरला. "ऐकलंस? राइट नाउ म्हणाला. म्हणजे नंतर."

"त्याच्या आधी 'नॉट' पण होतं."

"मुक्ते, गाडीत बसायला पण तीनदा नको म्हणाला होता. बसला ना?"

याला उत्तर तुमच्याकडे आहे? आपण तरी दुसऱ्याच्या घरी पहिल्या झटक्यात चहा घेतो का? नको म्हणायचं, यजमानाने ओढायचं, मग बसायचं. जिजूला फाउंडर परका वाटतच नव्हता. त्याला तो आपल्यातलाच, जरा आढेवेढे घेणारा पाहुणा वाटत होता.

मुक्काम टाउपोला. तळ्याकाठची मोटेलं महाग. एक गल्ली आत शिरलात की निम्म्यात आणि वर गरम पाण्याचा पूल, म्हणून टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विसरू नका. जेवणाचे पैसे फाउंडरने दिले, आम्ही हात धुवायला गेलो तेवढ्यात. जिजू हळवा झाला. माझं डोकं सुरू झालं. आता हा सकाळी काहीतरी मागणार.

त्याने काही मागितलं नाही. त्यानेही संशय वाढलाच.

शुक्रवारी डेझर्ट रोड. हिवाळ्यात बर्फाने बंद होतो, निघायच्या आधी बघून घ्या. दोन्हीकडे पिवळट गवत, उजवीकडे रुआपेहूचा डोंगर ढगात तोंड खुपसून बसलेला, आणि कुंपणावर लष्कराच्या पाट्या: रस्ता सोडू नका, न फुटलेला दारूगोळा असू शकतो. इतकं सुंदर आणि इतकं प्रामाणिक ठिकाण मी दुसरं पाहिलं नाही.

ताइहापेला पत्र्याचा गमबूट आहे. (त्या देशाला पत्र्याचं काय वेड आहे देव जाणे.) दोघं फोटो काढायला गेले. मी डेअरीतून, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, पाणी घेऊन परत आले तर मागच्या सीटवर माझं जॅकेट आणि जॅकेटवर हिरवी वही. उघडी.

वाचली. तुम्हीही वाचली असती.

डाव्या पानावर जिजूच्या रॅकचं चित्र, वर ठळक अक्षरांत 'मंदारची पद्धत'. म्हणजे चोरीचा माझा सगळा हिशेब खलास. उजव्या पानावर एक यादी. मंदारला 'नाही' सांगणे, हॅमिल्टनच्या आधी. खोडलेलं. मंदारला 'नाही' सांगणे, तिराऊ. त्यापुढे लिहिलेलं: प्रयत्न केला. त्याने ऐकलं नाही. मंदारला 'नाही' सांगणे, जेवणानंतर, टाउपो. खोडलेलं. खाली: बायको आहे, मुलगी सात वर्षांची. नोकरी सोडायला नको. वेलिंग्टनच्या आत स्पष्ट सांगणे. स्पष्टखाली दोन रेघा.

मी वही घेऊन सीटवर बसले. ताईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, माझ्या मांडीवर होतं. पानाचा फोटो काढला. आणि मग डोक्यात आलं: फाउंडर पुढच्या सीटवर बसतो. वही मागे कशी आली?

संध्याकाळी वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलला, जिजूच्या मित्राकडे जेवण. ट्रान्समिशन गलीच्या नव्या रस्त्याने वेळ बराच वाचतो, पण वारा गाडी हलवतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. मित्राची बायको अनघावहिनी हिने पुरणपोळ्या केल्या होत्या. फाउंडरने दोन खाल्ल्या आणि ताटावर हात आडवा धरला.

"नो, थँक यू. रिअली. आय कुडंट."

"अहो, हात काढा, अर्धीच देते," असं शुद्ध मराठीत म्हणून वहिनीने त्याच्या बोटांच्या फटीतून अख्खी पोळी सरकवली. वर तूप.

त्याने खाल्ली. जिजूने टेबलापलीकडून मला डोळा मारला. फाउंडरही माझ्याकडेच बघत होता, तोंडात पुरण, डोळ्यांत पाणी. तूप गरम असेल.

टॅक्सी आल्यावर तो दारात बूट घालत होता. कोऱ्या लेस बांधत. मी शेजारी उभी राहिले.

"वही तुम्ही माझ्या जॅकेटवर ठेवलीत."

"सॉरी. वाचलीस का?"

"हो."

"ओह, गुड," तो म्हणाला. पार्सल पोचल्याचा फोन आल्यावर माणूस म्हणतो तसं.

"तुम्हीच सांगा ना त्याला. आता. आत आहे तो."

त्याने आत बघितलं. जिजू उरलेल्या पोळ्या त्याच्यासाठी डब्यात भरत होता. "आय थिंक इट विल कम बेटर फ्रॉम फॅमिली," फाउंडर म्हणाला, परत एकदा सॉरी म्हणाला, डबा घेतला, जिजूला मिठी मारली आणि गेला.

तेव्हा मला ते पुस्तकातलं वाक्य कळलं. चाळीस वर्षांत स्वतः कोणाला नाही म्हटलं नाही. किती माणसं घरी पाठवली असतील, आणि दर वेळी कोणीतरी माझ्यासारखं, वाचणारं, शेजारी उभं असेल. आता तुम्ही म्हणाल, बिचारा भिडस्त आहे, जमत नाही त्याला. असेल. माझा निम्मा जीव तेच म्हणतो. उरलेला निम्मा म्हणतो, ही भीडच त्याचं भांडवल आहे.

शनिवारी एका दिवसात परत आलो, आठ तास, दोघंच. सांगायला मला अख्खा देश होता. बुल्स गावाच्या पुढे सुरुवात केली, "जिजू, मला वाटतं त्याच्या मनात नाहीये."

"मुक्ते, तुला लेसवर संशय आला होता."

दोन दिवस मी प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवलं होतं. आता खरं बोट ठेवलं तर त्याला ते अकरावं वाटलं. फोटो दाखवावा म्हणून फोन काढला तर तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "माहितीये, डेपोत सात वर्षांत ती रॅकची आयडिया कोणी लिहून घेतली नव्हती. त्याने चित्र काढलं." फोन परत खिशात ठेवला. एक तर तो गाडी चालवत होता. आणि दुसरं, चित्र खरंच काढलं होतं.

घरी आलो तर ताईने दारातच भुवया वर केल्या. मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, "मग तू सांग. मी सांगितलं तर बायको पाय ओढते असं होतं." बघा. तीही फाउंडरच.

या सगळ्या ट्रिपमधून उरलं काय म्हणाल तर ताटावरचा तो हात. आपल्याकडे आडव्या हाताला कोणी मोजतच नाही, पोळी सरकवण्यात सगळं प्रेम. आणि तिकडे तो, नको नको म्हणत तूप गिळणारा. दोघंही इतके सभ्य की एका माणसाची नोकरी जाईल, पण आवाज वाढणार नाही. रस्ता मात्र कराच. मार्च-एप्रिलमध्ये करा. पाय खा.

काल रविवारी माझी फ्लाइट. एअरपोर्टला ड्रॉप-ऑफला दोन मिनिटंच थांबू देतात. जिजूने बॅग उतरवली. ताई गाडीतच, ईरा खिडकीतून जँडल, म्हणजे रबरी चप्पल, हलवत होती. जिजू म्हणाला, "पुढच्या वेळी येशील तेव्हा दुकानाचा बोर्ड दाखवतो."

मी फोटो उघडून फोन त्याच्या हातात दिला. "हे त्याचं अक्षर आहे. उजवं पान वाचा. तो पहिल्यापासून नाहीच म्हणत होता जिजू, गाडीचंही आणि दुकानाचंही. आढेवेढे नव्हते ते. उद्याचा मेल टाकू नका. आणि डावं पान पण बघा, तेही खरंय."

त्याने वाचलं. वाचून झालं हे मला त्याच्या अंगठ्यावरून कळलं, तो स्क्रीनवरून हलेचना. मागून हिरव्या जॅकेटवाल्याने हात केला, मूव्ह अलाँग प्लीज. जिजूने तोंड उघडलं. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला, बॅग ओढली आणि सरकत्या दारातून आत शिरले. मागे वळले नाही. फोन तिथेच एअरप्लेन मोडवर टाकला आणि पुण्याला घरी पोचून हे लिहीपर्यंत उघडलेला नाही. तिकडे सोमवार सकाळ झाली असेल.

काय? मीही पळालेच, असंच ना? टाइप करा हवं तर. मी लॅपटॉप बंद करतेय.