नेलपॉलिशची माशी
काल दादाच्या मुलीनं नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मला भीमपूरच्या घरातली ती दुपार आठवली. मला पाहायला पाहुणे यायचे होते. वहिनीनं लाल नेलपॉलिश हातात दिली, ती घेऊन मी मागच्या पडवीत जाऊन बसले, कारण मासा भुलवायला गळावर बांधायला घेतलेली माझी पिसांची खोटी माशी अर्धी राहिली होती. मोबाइलवर बघून शिकत होते मी. बदकाच्या पिसांचे पंख लावायचे आणि माशी पाण्यावर तरंगायला हवी. पण आठवडाभर माझी माशी पैनगंगेत एका कुशीवर कलंडत होती, कारण दोन्ही पिसं मी बदकाच्या एकाच पंखातली घेत होते. त्या दुपारी एक डाव्या पंखातलं घेतलं, एक उजव्यातलं, आणि ताटलीतल्या पाण्यावर ती सरळ उभी राहिली. दोरा सुटू नये म्हणून गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडला. “फेक ते पिसं! मासे धराचं काम पोरीचं हाये काय?” दादा दारातून ओरडला. मी माशी पदराला टोचली आणि चहा घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं माझा हात उलटसुलट करून पाहिला. “काऊन वं, नेलपॉलिश नाही लावली?” “लावली ना मावशी,” मी पदर पुढे केला, “हिले लावली.” पाहुण्यांनी चहासुद्धा संपवला नाही. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. काल त्याचीच मुलगी म्हणाली, “आत्या, तुलेही लावू काय?” “लाव,” म्हटलं, आणि नखांऐवजी नवी माशी तिच्यापुढे धरली.