चूलबंद आवतण

"सांगायला आलोय, बसायला नाय."

कुणाच्याही ओट्यावर चढला की कोंडूदादा आधी हे बोलायचा. मग घरातल्या बाईने पाट मांडो की चहाचं आधण ठेवो, तो उभाच राहायचा. उभ्यानेच लग्न सांगायचा, बारसं सांगायचा, बाराव्याचं जेवण सांगायचा आणि पुढच्या घराकडे वळायचा. स्वतःच्या घरालाही त्याने कधी वगळलं नाही. आपल्याच दारात उभा राहून तो बायकोला सगळं रीतसर सांगे, आणि शकूवहिनी आतून ओरडे, "ऐकलं रे बाबा, आता आत ये."

धसईच्या अलीकडचं आमचं गाव एकसष्ट घरांचं. ओढ्यापलीकडे ठाकरांची वाडी, ती एकोणीस घरांची. या ऐंशी चुलींना आवतण देण्याचं काम कोंडूदादाने चाळीस वर्षं केलं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. त्याचा बाप सांगायचा, बाप गेल्यावर तो सांगू लागला. त्याबद्दल त्याने कधी काही घेतलं नाही. सगळ्या पंगती उठल्यावर तो शेवटी जेवायला बसायचा. आपण सांगितलेलं माणूस जेवून गेलं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला घास जात नसे.

आमच्याकडे आवतणाचे दोन प्रकार. माणशी आवतण म्हणजे घरटी एकाने जायचं. चूलबंद म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या घराने जायचं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. चूलबंद सांगूनही एखाद्या घरातून धूर निघाला, तर तो सांगणाऱ्याचा अपमान. आणि चूलबंद सांगून जेवण मिळालं नाही, असं कधी घडलंच नव्हतं. त्यामुळे त्याला काय म्हणायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

गेल्या पाच वर्षांत मुरबाडकडून येणारा रस्ता रुंद झाला. माळावर बंगल्यांचे प्लॉट पडले, रस्त्याला लागून चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी ओट्यावर बसून गाड्या मोजायच्या म्हटलं तर मोजून होत नाहीत. त्याच रस्त्यावर हरेशने हॉटेल बांधलं. हरेश गावच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे सगळ्या गावाचा भाचा, पण वाढला कल्याणला. वाडीवरचे जाणू आणि मंगळी हे नवरा-बायको पायाच्या खड्ड्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत तिथे राबले. काचेचं दार बसलं त्या दिवशी मंगळी त्यात आपलं तोंड बघून लाजली होती, असं जाणू सांगायचा.

तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात हरेशने कोंडूदादाला बोलावून घेतलं. रविवारी ओपनिंग आहे, गावात सगळ्यांना सांगा म्हणाला, आणि रंगीत कार्डांचा एक गठ्ठा त्याच्या हातात दिला.

कोंडूदादाने आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "माणशी सांगू का चूलबंद?"

हरेशच्या कानाला फोन होता. तो म्हणाला, "सगळे, मामा. सगळे येऊ देत."

कोंडूदादा घरी आला आणि कार्डांचा गठ्ठा त्याने माळ्यावर टाकला. कागद हातात देऊन माणसाला जेवायला बोलवायचं, ही त्याच्या लेखी हलकी रीत होती. भाच्याची नवी वास्तू, आवतण तोंडानेच जायला हवं. शुक्रवारी सकाळी त्याने धुतलेलं धोतर नेसलं आणि दुपारपर्यंत ऐंशी उंबरे केले. वाडीवर तो जरा जास्त थांबला. ज्यांनी भिंती उचलल्या ती माणसं पहिल्या पंगतीला हवीत, असं त्याने जाणूला बजावलं. वाडीवरच्या निम्म्या माणसांना त्याच रविवारी भिवंडीकडे वीटभट्टीवर निघायचं होतं. त्यांनी मुकादमाला एक दिवस थांबवलं.

रविवारी गावातून धूर निघाला नाही. अकराच्या सुमारास सगळी माणसं हॉटेलपाशी आली. तीनशेच्या वर असतील. बाया नव्या साड्या नेसल्या होत्या. प्रत्येक घराने रीतीप्रमाणे एक नारळ आणि ओंजळभर नवे तांदूळ आणले. दाराशी टोप्या घालून उभ्या असलेल्या पोरींनी ते हसून घेतले, फोटोही काढले. फुगे होते, मोठ्ठ्या आवाजात गाणी होती, कुणा पाहुण्याने फीत कापली. मग आमच्या हातावर एकेक पेढा आला. तो खाऊन सगळी माणसं गाड्या लावायच्या जागेत, फरशीवर, समोरासमोर रांगा धरून बसली. पंगतीला बसायचं ते कुणाला शिकवावं लागत नाही.

काचेतून आतली टेबलं दिसत होती. गाड्यांतून उतरणारी माणसं आमच्या रांगांना वळसा घालून आत जात होती. जेवणाचा वास बाहेर येत होता.

तास गेला. पोरं कुरकुरू लागली. पांढऱ्या केसांची अंबूबाई सुनेच्या आधाराने बसली होती. ती म्हणाली, "कोंडू, पानी तरी फिरव रे." मागून कुणीतरी बोललं, "दादा, हल्ली पत्रावळी मोबायलवर वाढतात का?" माणसं हसली. कोंडूदादाही हसला आणि आत गेला. मी त्याच्या मागे गेलो.

हरेश गल्ल्यापाशी होता. त्याला आधी काय ते कळेचना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मामा, ओपनिंग म्हणजे येऊन बघून जायचं. कार्डावर लिहिलंय ना, आज जेवणावर दहा टक्के सूट."

"कार्ड मी वाटली नाय," कोंडूदादा म्हणाला. "मी चूलबंद सांगितलंय."

"म्हणजे?"

मग मी त्याला चूलबंद म्हणजे काय ते सांगितलं. हरेशने काचेतून बाहेर बघितलं, रांगा बघितल्या. तो वाईट मुलगा नाही, हे मी आजही सांगतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत शंभर माणसांपुरतं जेवण होतं आणि सगळी टेबलं फोनवर आधीच घेतलेली होती. आणखी पेढे मागवतो म्हणाला. वाटल्यास मी बाहेर येऊन माइकवर सांगतो म्हणाला.

"नको," कोंडूदादा म्हणाला. "पानावरून उठवायचं आनि तेबी भोंग्यावरून? सांगितलं मी, उठवीन मीच."

बाहेर येऊन तो पायरीवर उभा राहिला. शकूवहिनी रांगेतून उठून त्याच्यापाशी गेली. यात तुझं काय चुकलं, बोलवणाऱ्याने बोलावं, तू चल घरी, असं ती दबक्या आवाजात म्हणत होती. त्याने तिचा हात बाजूला केला, रागाने नाही.

मग तो पहिल्या रांगेच्या टोकाशी गेला आणि शुक्रवारी ज्या क्रमाने घरं घेतली होती त्याच क्रमाने एकेका घरापुढे जाऊन उभा राहू लागला. प्रत्येक घरापुढे हात जोडून तेवढंच बोलत होता. "उठा. चूक माजी हाय. घरी जाऊन चूल पेटवा." हरेशचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. काही माणसं कपडे झटकत मुकाट उठली. काही जण हॉटेलकडे बघून बोलले, तेव्हा त्याने आणखी वाकून हात जोडले. अंबूबाईला नीट ऐकू येत नाही. तिला त्याने तीनदा सांगितलं. शेवटी सुनेनेच तिला उठवलं.

ऐंशी घरं उठवायला पाऊण तास लागला. सर्वांत शेवटी वाडीची माणसं होती. जाणूने त्याला बोलू दिलं नाही.

"दादा, तुमी नका बोलू. आमी आपले उठतो. आमाला उठायची सवय हाय."

यावर कोंडूदादाने जोडलेले हात खाली घेतले. तोवर वाडीची माणसं पोरांना कडेवर घेऊन रस्त्याला लागली होती. दुपारी दोन वाजता गावावर धूर दिसू लागला.

त्या दिवसानंतर त्याने कुणाचं आवतण सांगितलं नाही. लोक गेले त्याच्याकडे, मीही गेलो. तो ऐकून घ्यायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. आता गावात लग्नं फोनवरच्या ग्रुपमध्ये सांगतात. हरेशचं हॉटेल चांगलं चाललं आहे, आणि गावातलं माणूस अजून तिथे पाणी प्यायलाही थांबत नाही.

पण मला तो माणूस आठवतो तो त्या दुपारचा. जागा रिकामी झाल्यावर कोंडूदादाने फरशीवर सांडलेले चार तांदूळ वेचले, कनवटीला लावले आणि रस्ता ओलांडला. गावाची वाट त्याने धरली नाही. कापलेल्या भाताच्या खाचरांत उतरला आणि बांधामागून बांध ओलांडत ओढ्यापलीकडच्या वाडीच्या दिशेने चालू लागला. शकूवहिनी रस्त्याच्या कडेला उभी होती. काचेच्या दारामागे हरेश उभा होता. कुणीतरी त्याला आतून हाका मारत होतं. मी दोघांच्या मध्ये होतो. कोंडूदादा दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो, आणि तिघांतल्या कुणालाही त्याला हाक मारता आली नाही.