ज्योत्स्नाचा बोलका तक्ता

तळेगावच्या पुंडलिकरावांच्या घरी ज्योत्स्ना सून म्हणून आली, ती टायपिंगचं प्रमाणपत्र पेटीत घालूनच. "बियाण्याच्या दुकानात टायपिंगचं काय लोणचं घालाचं?" असं पुंडलिकराव हसत म्हणाले होते. लग्नाला पाचेक वर्षं झाली आणि तिच्या नवऱ्याची, प्रफुलची, नजर गेली. पण गडी हातपाय गाळून बसला नाही. नागपूरला राहून संगणक शिकला आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम घेऊन आला. त्यातली बाई मराठी वाचायची, पण हिंदीच्या वळणानं. "तुमची नागपूरवाली लय लाडात बोलते बाप्पा," असं ज्योत्स्ना नवऱ्याला चिडवायची.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मात्र चिडवाचिडवी थांबली. पुंडलिकरावांनी पोराला स्पष्टच सांगितलं, "गिऱ्हाईकाले वाणाची माहिती देता आली तर गादी तुही. नाई तर या हंगामापासून दुकान चंद्रभान पाहीन." चंद्रभान प्रफुलचा चुलतभाऊ, माणूस चांगला. पण दुकान गेलं तर दिवसभर घरात बसून करायचं काय, या विचारानं प्रफुलचं जेवण सुटलं. त्याला पाहून ज्योत्स्नाचंही सुटलं.

घोडं अडलं होतं एका तक्त्यापाशी. कोणतं वाण कधी लावायचं, किती अंतरावर लावायचं, हे सगळं कंपनी ईमेलनं पाठवायची. पण पाठवायची छापील कागदाचा फोटो. नागपूरवाली त्यावर पोचली की "ग्राफिक" म्हणायची आणि गप्प.

"हात्तिच्या! मी टाईप करून देतो न," ज्योत्स्ना म्हणाली. बसली आणि अख्खा तक्ता फोटोत होता तसा झोकात उतरवला. जिथं वरच्यासारखंच असेल तिथं खाली दोन छोट्या रेघा. दुकानाच्या पाटीवर पुंडलिकराव तसंच लिहीत, सगळं तळेगाव तसंच लिही. त्यात चूक काय असणार?

चूक कैलासनं दाखवली. नालवाडीहून इकडे शेती करायला आलेला हा गडी वांग्याचं बी घ्यायला आला होता. "दोन ओळींत किती सोडू?" त्यानं विचारलं. प्रफुल ऐटीत म्हणाला, "दीड फूट."

कैलास हसतच सुटला. "अन् वांगे तोडाले आत मांजर पाठवू का?"

गादीवरच्या पुंडलिकरावांनी ऐकलं. त्यांनी उठून कैलासला बी स्वतःच काढून दिलं.

दुपारी ज्योत्स्नानं संगणकाचा पडदा बंद केला, डोळे मिटले आणि आपलाच तक्ता ऐकायला बसली. त्या दोन रेघांवर नागपूरवाली शब्दही न काढता पुढे सरकत होती. ओळींतलं अंतर गायब, रोपांतलं तेवढं ऐकू येत होतं. ज्योत्स्नाला स्वतःचाच राग आला. डोळे वर जाऊन पाहून येतात; कानानं कुठं जायचं?

"अजी, चूक माही हाय," तिनं प्रफुलला सांगितलं. "पाहून लिवलं मी, आयकून नाई."

मग तिनं एकही खण रिकामा ठेवला नाही. प्रत्येक ओळीत पिकाचं नाव, प्रत्येक आकड्याआधी तो कशाचा ते. तक्त्याच्या डोक्यावर दोन वाक्यं: आत काय आहे आणि कोणत्या क्रमानं आहे. प्रत्येक ओळ डोळे मिटून ऐकली, तेव्हा कुठं पुढची लिहिली. प्रफुल कानाला हेडफोन लावून तक्ता ऐकू लागला आणि जेवायलाही लागला.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी पुंडलिकराव गादीवरून उठले आणि समोर गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. "मले वांगं लावाचं हाय," ते कोरडेपणानं म्हणाले. "ओळींत किती सोडू?"

प्रफुलनं कळ दाबली, ऐकलं. "तीन फूट. रोपात दीड."

"फुलकोबी? मिरची?" म्हातारा विचारत गेला, पोरगा सांगत गेला. दुकानामागच्या स्वयंपाकघरात ज्योत्स्ना हातातलं लाटणं तसंच धरून उभी होती.

तेवढ्यात भाजीवाली गोपिका आली आणि सवयीनं बाकाकडेच वळली. "काकाजी, मिरचीचं चांगलं बी दाखवा."

"मले काऊन विचारून राह्यली?" पुंडलिकराव म्हणाले. "मी गिऱ्हाईक हाय. दुकानदार तो बसला."