भोंग्यातले बारके सेल

मूर्खपणा कबूल करायचाच तर सरळ करावा. मी एकदा सहा पेन्सिल सेल पोळ्या बांधायच्या चंदेरी कागदात डोक्यापासून टाचेपर्यंत गुंडाळले, भोंग्यात कोंबले, आणि भोंगा गरम व्हायला लागला तशी हरखून गेले. वाटलं, आला जीव त्याच्यात!

तेव्हा मी अवघी सदुसष्ट वर्षांची होते. अल्लड वय. आत्मविश्वास मणभर आणि अक्कल चिमूटभर. आज त्र्याहत्तरीत त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो.

आमच्या उलव्याच्या सोसायटीत गणपतीतल्या रविवारी दुपारी पार्किंगमध्ये हाउजी होते आणि नंबर मी पुकारते. स्टेजवर उभी राहून नाही, भोंगा हातात घेऊन खुर्च्यांमधून फिरत. हा भोंगा आमच्या ह्यांचा. ते शाळेत पीटीचे सर होते, मैदानावर पोरांना ओरडायला त्यांनी घेतलेला. फिरता फिरता मी लोकांच्या तिकिटात डोकावते, कुणाचा एकच नंबर उरलाय ते हेरते आणि पिशवीतून पुढची चकती काढायला मुद्दाम वेळ लावते. या छळासाठीच लोक येतात अशी माझी समजूत होती. अजूनही आहे.

त्या वर्षी हाउजीला आठवडा उरला असताना भोंग्याचे सेल संपले आणि तो मुका झाला. त्याला मोठ्या टॉर्चमध्ये घालतात तसले सहा जाडजूड सेल लागायचे. दुकानदार म्हणाला, "आजी, मोठे सेल आता कोण मागतं? पेन्सिलवाले आहेत, देऊ?" पेन्सिल सेल तर घरातच होते, रिमोटचे, पुन्हा पुन्हा चार्ज करायचे. ते भोंग्यात टाकले तर आत खुळखुळायला लागले. जाडीला कमी, उंचीलाही कमी.

ही बातमी सेक्रेटरींपर्यंत पोचायला कितीसा वेळ! लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "काकू, यंदा तुम्ही आरामात खुर्चीत बसून खेळा. मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे, तेच नंबर बोलतं. टेन्शनच नाही."

खुर्चीत बसून! मी! पुकारणारीच्या हातात तिकीट म्हणजे निवृत्तीचा नारळच की.

मी म्हटलं, "रविवारच्या आत भोंगा बोलला तर?"

"बोलला तर पुकारायचं तुम्हीच. पण बोलला पाहिजे हं, काकू."

आणि मग तो चंदेरी कागद. माझा विचार असा की माणूस बारीक असला की चार कपडे जास्त घालतो, तसंच सेललाही घालावेत. शिवाय कागद धातूचा, म्हणजे करंटला बरा. शास्त्रच ते!

सूनबाई तळोज्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. संध्याकाळी दारातच थबकली. "आई, काय जळतंय?"

"काही नाही गं. भोंगा तापतोय. होईल सुरू."

तिने पर्स सोफ्यावर फेकली, ओट्यावरची सांडशी उचलली आणि एकेक सेल ओढून गॅलरीच्या फरशीवर टाकला. भोंग्याचं झाकण एका कडेला पापडासारखं वाकलं होतं.

"अहो, दोन्ही टोकं तुम्ही एकमेकांना जोडून टाकलीत. करंट भोंग्यात जाईल कशाला? तो तिथल्या तिथेच फिरतोय."

"म्हणजे काम शून्य आणि घरातल्या घरात धावपळ. तुझ्या सासऱ्यांसारखी."

आतून ह्यांच्या खाकरण्याचा आवाज आला. सूनबाई हसता हसता फरशीवरच बसली, तेव्हा मला कळलं की ती आता माझ्या बाजूने आहे.

भाजलेले सेल बाद झाले. शनिवारी तिला सुट्टी. तिने नवे पेन्सिल सेल चार्ज करून आणले आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून माझ्यापुढे ठेवल्या. "कागदातून करंट जात नाही. याच्यात गुंडाळा, पण घट्ट. दोन्ही टोकं मात्र उघडी."

हे मला येत होतं. अळूवडीचा उंडा वळते तसाच प्रत्येक सेल वळला, जाडी बरोब्बर भरेपर्यंत, वरून चिकटपट्टी. उंचीचं काम तिने केलं. सेलच्या बुडाशी, त्याच गुंडाळीत, पितळेचे दोन दोन नट बसवले आणि भोंग्यातल्या स्प्रिंगा पकडीने ओढून जराशा लांब केल्या.

"एवढ्याशा सेलांनी ओरडेल हा?" मी विचारलं.

"जाडीवर जाऊ नका, आई. जोर जवळपास तेवढाच असतो. साठा कमी, म्हणून लवकर संपतील. पण हाउजीपुरते पुरतील."

वाकडं झाकण दोऱ्याने बांधलं. मी गॅलरीत गेले, समोरच्या विंगकडे भोंगा रोखला आणि बटण दाबलं. "सेक्रेटरी! ऐकू येतंय का?"

कबुतरं भर्रकन उडाली. समोरच्या खिडकीत दाढीचा फेस फासलेला एक चेहरा आला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

रविवारी मी नुसती सुटले होते. "चौदा! मीटिंगला हजर असणारी माणसं!" "बासष्ट! तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं खरं वय!" ताईंनी चप्पल उगारली, माझ्यावर नाही, हवेत. सेक्रेटरींच्या तिकिटावर एकच नंबर उरलेला पाहिला आणि मी पिशवीत हात घालून इतका वेळ ढवळलं की मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, आमटी करताय का?"

शेवटी चकती काढली, नंबर पुकारला आणि त्या नंबरावर माझी एक लांबलचक गोष्ट सुरू केली. आवाज असा खणखणीत लागला होता की त्यापुढे मला दुसरं काही ऐकूच येईना. समोर सेक्रेटरी तिकीट नाचवत काहीतरी बोलत होते. मला वाटलं, दाद देतायत. मी आणखी रंगले. शेवटी त्यांनी पुढे येऊन भोंग्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"काकू, केव्हाचा ओरडतोय, माझं फुल हाउस झालंय! आधी हा खाली ठेवा, देवाशपथ पुढच्या वर्षीही तुमच्याच हातात देतो!"